तांबीला बांधलं त्या दिवशी

आप्पा,

तुमच्या हयातीत मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. तशी वेळच आली नाही. लग्न होऊन मी वराळ्याला आले तरी लोणावळं काही फार लांब नव्हतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तुम्ही तळेगावला उतरून चालत यायचात, आधी अंगणातल्या कुत्र्याशी बोलायचात आणि मग माझ्याशी. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं दारोदार नेणाऱ्या माणसाच्या लेकीनं बापाला साधं एक कार्ड धाडू नये, याचं आता हसू येतं आणि वाईटही वाटतं. वर ‘श्री’ लिहिलेला नाही. मरणाच्या पत्राला श्री घालत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. हे पत्र कुठल्या जातीचं धरायचं ते मला ठरवता येईना, म्हणून ती जागा मोकळी सोडली आहे.

लिहायला कारण झालं आमचं कुत्रं. काळं आहे, एका कानाला टोक नाही आणि अक्कल बेताची. टपालवाल्याच्या लेकीचं कुत्रं टपालवाल्यावरच भुंकतं हे ऐकून तुम्ही किती हसला असतात. इथला टपालवाला पन्नाशीचा सज्जन माणूस आहे, पण कुत्र्याला भितो. कुंपणापाशी उभा राहून छत्री पुढे धरतो आणि कार्ड आत टाकून निघून जातो. टाकायचा, असं म्हणायला हवं. तुमचा नातू, जो तुम्ही गेलात तेव्हा माझ्या मांडीवर होता, तो आता पलटणीत आहे, ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठेतरी, आणि त्याचं कार्ड येऊन आता चौथा महिना लागला. काल जेवताना तुमचे जावई म्हणाले, “उद्यापासनं दुपारचं कुत्र्याला बांधत जा. त्या बापड्याला आपल्या दारात यायचं म्हंजी जिवावर येत असंल, म्हनून कारड येत न्हाई.” मला हसवायला म्हणाले. मी हसले, आणि आज दुपारी दोरी घेऊन अंगणात गेले. काळ्या शेपूट हलवत आला आणि त्यानं आपणहून मान पुढे केली. आणि माझे हात चालेनात, आप्पा. मी दोरी घेऊन तशीच उभी राहिले आणि टपालवाला समोरच्या रस्त्यानं न थांबता निघून गेला. मग आत येऊन लिहायला बसले.

तांबी आपल्या घरी आली ती टपालाच्या पिशवीतून. कुरवंड्याहून रिकामे परतताना ती तुम्हाला चढाच्या कडेला सापडली होती, डोळे नुकते उघडलेली, तांबूस रंगाची. आईनं नेहमीसारखी पिशवी खुंटीला अडकवायला घेतली आणि पिशवी हलली. “सरकारी पिशवीत कुत्रं? नोकरी घालवशिला एखाद्या दिशी,” आई म्हणाली. तुम्ही पाय धूत होतात. मान वर न करता म्हणालात, “रजिस्टर आलंय तुज्या नावाचं. सही कर.” आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. पहिल्या आठवड्यात तांबीनं तुमची एक वहाण खाल्ली, दुसऱ्या आठवड्यात पिशवीचा चामडी पट्टा. पोस्टमास्तरांना तुम्ही उंदराचं नाव सांगितलंत आणि घरी येऊन आईला तसं सांगितलंत, तेव्हा कुठे ती बोलली. म्हणाली, “तुमच्या उंदराचं शेपूट लय वाकडं हाय.” भाकऱ्या थापून झाल्या की परातीला लागलेलं पीठ खरवडून ती तळहाताएवढी चानकी करायची. तोवर ती चानकी माझी असे. तांबी आली आणि ती तांबीची झाली, आणि मी रुसून बसले. कुत्र्याला उंबऱ्याच्या आत घेणार नाही असं आई रोज सांगायची, आणि लोणावळ्याचा पाऊस चार-चार महिने कोसळत असताना चुलीच्या कडेला गोणपाट तीच अंथरायची. ओल्या कुत्र्याचा तो वास घरातल्या गोधड्यांना, माझ्या पाटी-दप्तराला, तुमच्या खाकी कोटाला लागलेला असायचा. आजही पावसात काळ्या जवळ आला की मला आधी आपलं घर आठवतं आणि मग तुम्ही सगळे.

रविवारी दुपारी तुम्ही तिला मांडीत घेऊन ओट्यावर बसायचात आणि कानातल्या गोचिडी काढायचात. रॉकेल घातलेली करवंटी धरायचं काम माझं. एकेक गोचीड त्यात टाकताना तुम्ही तिच्याशी आठवड्याच्या गोष्टी बोलायचात, काल चढाला दमलीस का, भुशीच्या त्या लांडग्यासारख्या कुत्र्यानं तुला काय म्हटलं, असलं काहीबाही. ती दोनदा लाकडांच्या ढिगाखाली व्याली. आई कपाळाला हात लावून बसली, आणि तुम्ही एकेक पिल्लू पिशवीत घालून वाटेवरच्या वाड्यांमध्ये देऊन आलात. दोन-तीन वर्षांत अशी वाडी राहिली नाही जिथे तांबीचं लेकरू नाही, आणि तुमच्या वाटेवर तुमच्यावर भुंकणारं कुत्रंही राहिलं नाही. एवढी सोयरीक कलेक्टरालासुद्धा जमली नसती, असं पोस्टमास्तर म्हणाल्याचं तुम्ही घरी येऊन ऐटीत सांगितलं होतंत.

ती तुमच्या पुढे चालायची. बरोबर नाही, मागे तर कधीच नाही. हाकेच्या अंतरावर पुढे. त्यामुळे गावात तुमच्या आधी ती पोचायची आणि तिला पाहिलं की लोकांना कळायचं, टपाल आलं. एका दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मला कुरवंड्याला घेऊन गेलात. नागफणीचा सुळका समोर दिसायला लागल्यावर माझे पाय दुखायला लागले, आणि तुम्ही मला खांद्यावर घेतलंत. आपण वर पोचलो तर माणसं आधीच अंगणात येऊन हसत उभी. पहिलंच घर त्या मावशीचं. विधवा बाई, एकुलता एक मुलगा पलटणीत गेलेला, बसऱ्याच्या लढाईवर. तांबी तिच्या दारात ताकात कुस्करलेली नाचणीची भाकरी खात होती. मावशी मला म्हणाली, “तुजा बा दिसायच्या आदी हिची पावलं ऐकू येत्यात मला.” मग तिनं हात धुतले. तिचे हात स्वच्छच होते, मी पाहिलं होतं, तरी तिनं ते घासून धुतले, पदराला कोरडे केले आणि मग कार्ड घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. कार्ड कपाळाला लावून तिनं ते तुम्हाला परत दिलं आणि तुम्ही ते दोनदा वाचलंत, एकदा खुशाली कळावी म्हणून भरभर आणि मग सावकाश. जाताना तिनं माझ्या ओच्यात मूठभर चिंचा घातल्या. ती मला फार आवडली होती, आप्पा. हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

काही दिवशी तुम्ही तांबीला नेत नव्हतात. सकाळी पोस्टात टपाल लावताना तुम्हाला कळायचं. मरणाची खबर आणणारं, कोपरा फाडलेलं कार्ड असलं, किंवा लढाई लागल्यापासून पलटणीच्या कचेरीतून यायचा तो लांब लखोटा असला, की तुम्ही थेट वाटेला न लागता आधी घरी यायचात. पडवीच्या खांबाला काथ्याची दोरी होती. तिनं तांबीला बांधायचं, कुणाकडे न बघता पिशवी सारखी करायची आणि निघायचं. आई काही विचारायची नाही. त्या दिवशी तिचा आवाज चढायचा नाही, माझ्यावरसुद्धा. तांबी दिवसभर रडायची. मी एकदा आईला विचारलं तर ती म्हणाली, “आज कुनाच्या तरी घरी रडायचं हाय. तू गप बस.” मग मी तुम्हाला विचारलं. तुम्ही वहाणा काढून बाजूला ठेवल्यात. मग म्हणालात, “ती फुडं पळती, पोरी. मानसं हसत भायेर येत्यात, चिठ्ठी आली म्हनून. आन मागनं मी काय घिऊन येतो? तसं हसलेलं त्वांड मला बघवत न्हाई.” टपाल खात्यानं तुम्हाला हे शिकवलेलं नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं. आज मला त्याची किंमत कळते. तेव्हा मी आठ वर्षांची होते.

त्या दिवशी थंडी होती. मार्गशीर्ष असावा, कारण वालाच्या शेंगा घरात आल्या होत्या. तुम्ही पोस्टातून परत आलात आणि खाली बसून तांबीला बांधायला लागलात. एक गाठ मारलीत, तिच्यावर दुसरी मारलीत, ओढून पाहिलीत. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसते बसून राहिलात. आईनं पहिल्यांदाच विचारलं, “कुटं?” तुम्ही म्हणालात, “कुरवंडं,” आणि गेलात. आई तोंडाला पदर लावून आत गेली आणि थोड्या वेळानं धुण्याची बादली घेऊन बाहेर पडली. मी आणि तांबी दोघीच राहिलो. माझ्या डोक्यात त्या वेळी काय आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तांबीला बांधलं की कुणाच्या तरी घरी रडतात. मोकळी असली की सगळे हसतात. एवढंच मी पाहत आले होते. मला वाटलं, रडणं बांधण्यामुळे येतं. तांबी जर पुढे पळाली, मावशीच्या दारात जाऊन उभी राहिली, तर मागून तुमच्या पिशवीतून कार्डच निघेल, नेहमीसारखं, मुलाचं. तुम्ही उगीच बांधता असं वाटून मला तुमचा रागसुद्धा आला. मी तिला सोडलं. ती दारातून गेली ती मागे वळूनही न बघता.

दिवेलागणीला तुम्ही आलात. तांबी मागे चालत होती, तुमच्या मागे. तसं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आईनं पाणी दिलं, ते तसंच राहिलं. मी कोपऱ्यात वाल सोलत बसले होते. तुम्ही आईला सांगायला लागलात, थांबत थांबत. “शेवटच्या चढाला पोचलो तर ही माज्या म्होरं. कुटनं आली कळंना. हाक मारली, तर तिला वाटलं घाई कर म्हनतोय. आजून पळाली. मी पन पळालो. छाती फुटाया लागली.” मग तुम्ही पिशवी काढून खाली ठेवलीत. “मावशी सारवत व्हती. मी वर गेलो तवा हात धुऊन हुबी व्हती अंगनात. शेजारच्या दोघींना बलावलंवतं. हिला अख्खी भाकर घातलीवती. मला म्हनली, लय दिसानं आली बगा चिठ्ठी, वाचा.” आईनं विचारलं, “मग?” तुम्ही म्हणालात, “वाचली.”

नंतर तुम्ही कंदील घेऊन पडवीत गेलात आणि दोरी हातात घेऊन पाहिलीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. “तुटली न्हाई. कुरतडली बी न्हाई. गाठच सुटली. माजीच ढिली ऱ्हायली.” आई म्हणाली, “हात कापत असतील तुमचं. व्हतं आसं.” तुम्ही मान हलवलीत. कंदील खाली ठेवताना तुमचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तुम्ही विचारलंत, “दात पडला का गं?” मी मान डोलावली. तुम्ही हात पुढे केलात. परकराच्या टोकाला बांधून ठेवलेला तो दात मी तुमच्या हातावर ठेवला. तुम्ही अंगणात गेलात, तो कौलांवर फेकलात आणि म्हणालात, “सरळ यिऊ दे.” मी परत वाल सोलायला बसले.

दुसऱ्या दिवशी बाजारातून साखळी आली. त्यानंतर तांबी तुमच्याबरोबर कधीच गेली नाही. आणखी सहा वर्षं जगली ती, आणि त्या सहा वर्षांत रोज सकाळी तुम्ही वहाणा घातल्या की उठून उभी राहायची, आणि तुम्ही फाटकाबाहेर गेलात की बसायची. संध्याकाळी तुमची पावलं हुंगायची, आधी उजवं, मग डावं, सगळ्या वाड्यांची धूळ एकेक करून. तिचं होईपर्यंत तुम्ही जागचे हलायचा नाहीत. एकदा तुम्ही आईला सांगत होतात, मावशीनंच विचारलं म्हणून. “कुत्री का आनीत न्हाई? आना की तिला, तिचा काय गुना.” आई म्हणाली, “मग न्या.” तुम्ही म्हणालात, “तिचा न्हाईच. माजा हाय.” मी ते ऐकलं आणि पाटीवर काहीतरी गिरवत राहिले. दुपारची मी तांबीजवळ जाऊन बसायची, माझ्या भाकरीतला तुकडा तिला द्यायची. ती माझा हात चाटायची. कुत्र्याला राग धरता येत नाही हे लोक कौतुकानं सांगतात. मला तिचा तो गुण सोसत नसे.

ती गेली त्या सकाळी तुम्ही आधी साखळी काढलीत. मग फाटकी, निकामी झालेली एक टपालाची पिशवी घेतलीत, तांबीला तिच्यात ठेवलंत आणि मागच्या जांभळाखाली पुरलंत. आईनं त्या दिवशीही परात खरवडून चानकी केली. केल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि ती तव्यापुढेच रडायला लागली. जन्मभर कुत्रीला शिव्या दिल्या होत्या तिनं.

आणि तुम्ही तेव्हापासून प्रत्येक गाठ तीन-तीनदा मारायला लागलात. विहिरीच्या पोहऱ्याची, बाजेच्या सुंभाची, पिशवीची. माझ्या लग्नात उपरण्याला आणि शालूला मारलेली गाठ तुम्ही भर मांडवात ओढून पाहिलीत आणि सगळे हसले, नवरदेव तर सगळ्यांत जास्त. तेही अजून ते सांगून हसतात. मी त्यांना कधी कारण सांगितलं नाही. शेवटच्या दुखण्यात मी बाळाला घेऊन तुमच्या उशाशी बसले होते. तापात तुमची बोटं गोधडीच्या कडेशी सारखी चाळा करत होती, काहीतरी बांधत असल्यासारखी. तुम्ही मला म्हणालात, “बघ गं, पक्की बसली का.” मी म्हटलं, “बसली, आप्पा.” तेव्हा सांगता आलं असतं. आई पाणी आणायला गेली होती, बाळ झोपलं होतं, तुम्ही माझ्याकडे बघत होतात. एका वाक्याचं काम होतं. मला वाटलं, आता या माणसाला कशाला त्रास. खरं म्हणजे मला माझीच लाज वाटली.

आता माझ्यासाठी कुणी कुत्रं बांधणार नाही. इथल्या टपालवाल्याचा चेहरा छत्रीआड असतो, त्यावरून काही कळत नाही. आज दोरी खाली टाकताना मला माझे हात दिसले, ओले होते. मग लक्षात आलं की महिनाभर मी रोज दुपारी त्याच्या यायच्या सुमाराला हात धुते आहे. भांडी झालेली असतात, सारवण नसतं, काही नसतं, तरी मी रांजणापाशी जाऊन हात धुते. कुरवंड्याला मी पुन्हा कधी गेले नाही, आप्पा. मावशीची मुद्रासुद्धा आता नीट आठवत नाही, पण ते हात आठवतात. काळ्याला मी बांधणार नाही. जावई हसोत, टपालवाला भिवो, तो मोकळाच राहील. आठ वर्षांची असतानाची ती अक्कल अजून गेलेली नाही, आणि मला ती जायला नको आहे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. घडी घालून पत्र्याच्या डब्यात ठेवीन, पोराच्या कार्डांच्या खाली. एवढंच शेवटचं लिहायचं होतं. तुमची गाठ ढिली नव्हती. नखांनी ती हलेनासुद्धा. नखं दुखायला लागल्यावर मी खाली बसले आणि दातांनी ओढायला लागले, वरची सुटली तर खाली दुसरी तितकीच घट्ट. आई धुणं धुऊन यायची वेळ झाली तरी मी ओढतच होते, तोंडात काथ्या आणि रक्त. तो दात आपला आपण पडला नव्हता, आप्पा. तो तुमच्या गाठीत निघाला.